पेठेतली उलटी सायकल

पुण्याच्या पेठांत ‘उलटी’ सायकल घालणारा माणूस जन्माला आला तो रस्त्याच्या तोंडाशी प्रवेश बंदची लाल तबकडी लागली तेव्हा. त्याआधीही लोक चुकीच्या बाजूने सायकल मारत होतेच. पण चार वाडे पलीकडच्या गिरणीत दळण टाकायला सरळ वाटेने गेलं, एवढ्यावरून कुणी गुन्हेगार ठरत नव्हतं. माझी सगळी वकिली मोटार अपघातांच्या दाव्यांत गेली. ‘सायकलस्वार विरुद्ध दिशेने येत होता’ हे वाक्य शिवाजीनगरच्या न्यायालयात विमा कंपन्यांच्या लेखी म्हणण्यात मी सतत वाचलं. ते एकच वाक्य दोन निराळ्या गोष्टींना लावलं जातं, हे हळूहळू लक्षात आलं. दुहेरी रस्त्यावर डावी बाजू सोडून उजवीकडून येणं ही एक गोष्ट, आणि मोटारींसाठी एकेरी केलेल्या गल्लीतून पलीकडच्या दिशेने जाणं ही दुसरी. दोन्हींचा इतिहास वेगळा आहे आणि धोकाही वेगळा आहे.

डावी बाजू धरण्याचा नियम सायकलपेक्षा जुना. इंग्लंडच्या १८३५च्या महामार्ग कायद्यात घोडागाड्यांनी डावीकडून जावं, बेफाम हाकू नये, असं लिहिलेलं होतं. सायकल रस्त्यावर आल्यावर प्रश्न उभा राहिला, की हा नियम तिला लागू आहे का? १८७९ साली बेफाम सायकल मारल्याबद्दल शिक्षा झालेला एक जण अपिलात गेला. माझी सायकल म्हणजे गाडी नव्हे, असं त्याचं म्हणणं. न्यायालयाने ते मानलं नाही. मग १८८८ साली इंग्रजांनी कायद्यातच घातलं, की सायकली या गाड्याच समजाव्यात. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून सुरू झाला, त्याचं सालही १८८८ असंच सांगतात. म्हणजे आपल्या मुलखात सायकल विकायला मांडली जात होती, तेव्हाच तिकडे तिच्यावर गाडीपणाचा शिक्का बसत होता.

तो शिक्का आपल्याकडेही आला. १९५१च्या मुंबई पोलीस अधिनियमात, ज्याला आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, ‘वाहन’ या शब्दाच्या व्याख्येत हातगाडीबरोबर सायकल आणि तीनचाकी सायकलही नाव घेऊन घातलेली आहे. त्याच अधिनियमाचं ९९वं कलम सांगतं, की वाहन हाकणाऱ्याने रस्त्याची डावी बाजू सोडू नये. पण त्या कलमात एक सवलत आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. प्रत्यक्ष गरज असेल किंवा बाजू सोडण्याला पुरेसं कारण असेल, तर तो गुन्हा नाही. ज्यांनी हे लिहिलं त्यांना रस्ता ठाऊक होता. पुढे बैल बसलेला असतो, चर खणलेला असतो, लग्नाची वरात अडलेली असते, हे त्यांनी धरलं होतं.

माझे वडील खडकीच्या कारखान्यात कामाला होते. नारायण पेठेतून निघायचं, शनिवारवाड्यावरून नवा पूल ओलांडायचा, शिवाजीनगर, वाकडेवाडी आणि पुढे खडकी. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की मुंबई रस्ता सायकलींनी भरून जाई. खडकीचे दारूगोळ्याचे कारखाने, दापोडीची एसटीची कर्मशाळा, १९५४ नंतर पिंपरीचा पेनिसिलीनचा कारखाना, सगळीकडची माणसं सायकलवर. हँडलला डबा, कॅरियरला घडी केलेली पिशवी, पँटच्या पायाला चिमटा. पोलिसांचा धाक असे, पण तो तीन गोष्टींचा: रात्री दिवा नाही, मागे कुणाला बसवून डबलसीट, आणि नगरपालिकेचा बिल्ला नाही. दिवा नसेल तर शिपाई चाकातली हवा सोडून देई आणि माणूस सायकल हातात धरून घरी येई. चुकीच्या दिशेने गेल्याचा दंड मात्र वडिलांच्या गोष्टींत कधीच आला नाही. कारण सोपं आहे. रस्त्यावर सायकलीच इतक्या होत्या, की प्रवाह त्यांचाच होता आणि दिशाही त्याच ठरवत होत्या.

हे बदललं ते आपल्याच हातांनी बदललं, असं पुणेकरांना सांगायला हवं. १९७२ साली बजाजची चेतक आली आणि त्याच साली किनेटिकची लुना आली. एकीचा कारखाना आकुर्डीला, दुसरीचा नगरला. कारकून, मास्तर, परिचारिका, दूधवाले हळूहळू पायडल सोडून या गाड्यांवर गेले. त्यात दोष देण्यासारखं काही नाही. खडकीहून दमून येणाऱ्या माणसाला लुना मिळाली तर त्याने का घेऊ नये? पण पेठांचे रस्ते होते तेवढेच राहिले. शुक्रवार, सदाशिव, नारायण, कसबा या पेठांची आखणी पायी चालणाऱ्यांची आणि पालख्यांची. तिथे समोरासमोर दोन मोटारी आल्या की दोन्ही थांबतात. म्हणून एकेरी वाहतूक आली. शिवाजी रस्ता शनिवारवाड्याकडून स्वारगेटच्या दिशेला, बाजीराव रस्ता स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे, अशी जोडी लागली. लक्ष्मी रस्ताही एकेरी झाला. नदीपलीकडे जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता यांचीही तशीच जोडी झाली.

मोटारीच्या दृष्टीने ही व्यवस्था चोख आहे. मोटारवाल्याला वळसा पडतो तो चार थेंब पेट्रोलचा. सायकलवाल्याला तोच वळसा पायांनी भरावा लागतो, आणि तो नुसता लांबीचा नसतो. शिवाजी रस्त्याच्या आतल्या बाजूला राहणाऱ्याला उत्तरेकडे दोन चौक जायचं असेल, तर आधी बाजीराव रस्त्यापर्यंत आडवं जायचं, तिथल्या बसगाड्या आणि रिक्षांच्या भाऊगर्दीतून वर जायचं आणि पुन्हा आडवं परत यायचं. दोन मोठे रस्ते ओलांडून मिळतं काय, तर दोनशे पावलांवरची मंडई. अशा वेळी माणूस उलटा जातो. गेली कित्येक वर्षं जातो आहे. त्यात पेपर टाकणारी मुलं आहेत, इस्त्रीचे कपडे पोचवणारे आहेत, तुळशीबागेत कामाला येणाऱ्या बाया आहेत. त्यांना बेशिस्त म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.

या व्यवस्थेत सायकलचा विचार करायचाच राहिला, असं म्हणावं तर तेही खरं नाही. देशातल्या रस्त्यांचा विचार करायला सरकारने १९२७ साली एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच हे. त्या समितीच्या शिफारशींतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. तिने १९६२ साली सायकल मार्गांसाठी एक मानक प्रसिद्ध केलं. त्यात साधा हिशेब आहे. रस्त्यावर तासाला १०० ते २०० मोटारी जात असतील आणि गर्दीच्या तासाला ४०० सायकली असतील, तर वेगळा मार्ग द्यावा. मोटारी २००च्या वर गेल्या, तर तासाला १०० सायकली असल्या तरी वेगळा मार्ग देणं योग्य. हे चेतक आणि लुना येण्याच्या दहा वर्षं आधीचं. आज तासाला दोनशेच मोटारी जातात असा एक तरी मोठा रस्ता पुण्यात उरला आहे का? कागद तयार होता. रस्ते मात्र त्या कागदाप्रमाणे झाले नाहीत.

आता दुसऱ्या प्रकारच्या उलटेपणाकडे येते, आणि इथे माझा सूर बदलेल. हडपसर, कात्रज, सिंहगड रस्ता, नगर रस्ता ही शहराची नवी टोकं. तिथे मध्ये दुभाजक आहे, उड्डाणपूल आहेत, वळायची जागा लांब आहे. कामावरून सुटलेला माणूस समोरच्या बाजूच्या आपल्या वस्तीत जायला अर्धा किलोमीटर उलटा येतो. एका अशाच माणसाच्या पत्नीचा दावा मी चालवला. तो रात्रपाळीचा सुरक्षारक्षक. पहाटे अंधारात दुभाजकाच्या कडेने उलटा येत होता. टेम्पोने उडवला. विमा कंपनीचं म्हणणं ठरलेलं होतं, की चूक त्याचीच. ती बाई माझ्या खुर्चीसमोर बसून म्हणाली, “वकीलबाई, ते उलटे यायला नको होते, हे मलाबी कळतं. पण सरळ यायला वाट कुठं होती, ते साहेबांना विचारा.” मी विचारलं. सहभागी निष्काळजीपणा म्हणून भरपाईचा एक हिस्सा तरीही कापला गेला. घरात मिळवणारा तो एकटाच होता.

कायद्याने इथे थोडी वाट दिली आहे, ती दावेदारांना माहीत असावी. नियम मोडला एवढ्याने सहभागी निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. तो नियमभंग आणि अपघात यांचा कारण म्हणून संबंध दाखवावा लागतो. २०२० साली मोटारसायकलवर तिघे बसलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगून कापलेला हिस्सा परत दिला. पण सायकल समोरून येत होती आणि धडकही समोरून झाली, तर तो संबंध नाकारणं कठीण जातं. म्हणून या प्रकारच्या उलटेपणाची बाजू मी घेणार नाही. न्यायालयात नाही आणि इथेही नाही.

“समोरून येणारी गाडी दिसते, म्हणून उलटं जाणं बरं,” असं मला अनेकांनी सांगितलं आहे. पायी चालणाऱ्याला ते लागू पडतं, कारण तो जागच्या जागी थांबू शकतो आणि बाजूला पाऊल टाकू शकतो. सायकलवाल्याला ते लागू पडत नाही. हिशेब करून पाहा. मोटार ताशी ५० किलोमीटरने येते आहे, सायकल १५ने. दोघं एकाच दिशेने जात असतील तर मोटार सायकलजवळ ३५च्या वेगाने येते. समोरासमोर असतील तर ६५च्या. साठ मीटर अंतर असताना एकमेकांना पाहिलं, तर पहिल्या वेळी सहा सेकंद हातात असतात, दुसऱ्या वेळी जेमतेम सव्वातीन. शिवाय मागून येणारा ड्रायव्हर वेग कमी करून सायकलच्या मागे मागे राहू शकतो. समोरून येणाऱ्याला ती सोय नाही. दोघांपैकी एकाला बाजूला व्हावंच लागतं, आणि बाजूला नाला असतो नाहीतर दुसरी गाडी. रात्री तर सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टर, जो तिचा एकुलता एक दिवा असतो, उलटं जाताना भलतीकडेच तोंड करून असतो.

खरा घात मात्र सरळ रस्त्यावर होत नाही, तो होतो गल्लीच्या तोंडाशी. आपल्याकडे आडव्या रस्त्यातून डावीकडे वळून मुख्य रस्त्याला लागणारा ड्रायव्हर उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडून येतात. डावीकडून कुणी येईल हे त्याच्या मनातच नसतं. उलटी सायकल नेमकी तिकडूनच येते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी सायकल आणि मोटारींच्या चौकातल्या टकरींचा अभ्यास झाला, तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. वाहतुकीच्या उलट जाणाऱ्या सायकलस्वाराचा धोका सरळ जाणाऱ्यापेक्षा ३.६ पट निघाला. तिथे गाड्या उजवीकडून चालतात, इथे डावीकडून. ड्रायव्हरची मान मात्र दोन्हीकडे गाड्या येतात तिकडेच वळते. आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणी बोलत नाही. उलटा येणारा सायकलवाला समोरून कडेने येणाऱ्या दुसऱ्या सायकलवाल्याला रस्त्याच्या मधोमध ढकलतो. नियमाने जाणाऱ्याचा जीव नियम मोडणाऱ्यामुळे धोक्यात येतो. हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

मग पेठेतल्या गल्ल्यांचं काय? तिथे मोटार ५०ने जाऊच शकत नाही, वीसने गेली तरी खूप झालं. इथेच युरोपातला अनुभव कामाचा आहे. जर्मनीने १९९७ साली नियम बदलून कमी वेगाच्या एकेरी रस्त्यांवर सायकलींना दुसऱ्या दिशेनेही जाऊ देण्याची मुभा दिली. आधी प्रयोग म्हणून, अभ्यासानंतर कायमची, कारण अपघात वाढले नाहीत. बेल्जियमने २००४पासून पुढचं पाऊल टाकलं. पुरेशा रुंदीच्या एकेरी रस्त्यावर सायकलला दुहेरी वाट देणं हाच तिथे नियम झाला आणि ती न द्यायची असेल तर कारण दाखवणं रस्ता सांभाळणाऱ्यांवर आलं. फ्रान्सने २००८ साली ताशी ३० किलोमीटरच्या भागांसाठी तसंच केलं. ब्रुसेल्सच्या जुन्या गल्ल्या आपल्या कसबा पेठेहून फार रुंद नाहीत. तिथे प्रवेश बंदच्या तबकडीखाली छोटी पाटी लावतात, की सायकलींना हे लागू नाही. रस्त्यावर पट्टा मारतात आणि गल्लीच्या दुसऱ्या तोंडाशी मोटारवाल्याला सांगतात, की समोरून सायकल येईल. ही शेवटची सूचनाच सगळ्यात महत्त्वाची आहे. उलट्या सायकलीचा धोका ती अनपेक्षित असते म्हणून आहे. ती येणार हे ड्रायव्हरला ठाऊक झालं, की त्याची मान दोन्हीकडे वळते.

इथले लोक म्हणतील, आपल्याकडे कायदा आडवा येईल. मी कलमं पुन्हा पुन्हा वाचली आहेत. एकेरी वाहतुकीचे आदेश वाहतूक शाखा काढते, तेव्हा त्यांच्या मथळ्याशी बहुधा १९८८च्या मोटार वाहन कायद्याची ११५, ११६ आणि ११७ ही कलमं असतात. यातलं ११५वं कलम मोटार वाहनांवर बंदी घालायचा अधिकार देतं. त्यातली भाषा मोटार वाहनांची आहे आणि पायडलवर चालणारी सायकल त्या कायद्यात मोटार वाहन नाही. वाहतुकीची चिन्हं पाळायचं बंधन घालणारं ११९वं कलमही मोटार वाहनाच्या ड्रायव्हरविषयी बोलतं. २०१९च्या दुरुस्तीने ठरलेल्या प्रवाहाच्या उलट गाडी घालणं हा १८४व्या कलमाखाली धोकादायक ड्रायव्हिंगचा गुन्हा झाला. पहिल्याच वेळी एक ते पाच हजार रुपये दंड, कैदही होऊ शकते. पण तोसुद्धा मोटार वाहनापुरताच. नुसत्या मोटार वाहन कायद्याखाली काढलेला एकेरीचा आदेश सायकलला बांधत नाही, असं माझं मत आहे.

म्हणजे सायकलवाला कायद्याच्या बाहेर आहे असं मात्र कुणी समजू नये. पोलीस अधिनियमाच्या ३३व्या कलमाने रस्त्यावरच्या सगळ्या प्रकारच्या रहदारीचे नियम करायचा अधिकार पोलीस आयुक्तांना आहे, आणि त्या रहदारीत सायकल येते. डावी बाजू सांभाळायचं ९९वं कलम तिला आहेच. बेदरकारपणे सायकल चालवून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं २७९वं आणि आता भारतीय न्याय संहितेचं २८१वं कलम लागतं. त्यात वाहन कोणतं याचा भेद नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंतची कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लक्ष्मी रस्त्यावर एखाद्या म्हातारीला सायकलने पाडलं, तर आपली सायकल लहान आहे हा बचाव होत नाही.

यातून निघतं ते इतकंच, की पेठांतल्या गल्ल्या सायकलींना दोन्ही बाजूंनी खुल्या करायला नवा कायदा लागत नाही. आयुक्तांचा एक आदेश पुरतो आणि तबकडीखाली एक पाटी. पुणे महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. पाठोपाठ भाड्याच्या सायकली आल्या आणि काही महिन्यांत कोपऱ्याकोपऱ्यावर पडूनही राहिल्या. सायकली आणून सायकल चालत नाही, तिला वाट लागते. शिवाजी आणि बाजीराव रस्त्यांसारख्या बसच्या रस्त्यांवर उलटी वाट पट्टा मारून देऊ नये. तिथे वेगळा कठडा घालून देता येत असेल तरच द्यावी. पण त्या दोन्हींच्या मधल्या आडव्या-उभ्या गल्ल्यांपासून सुरुवात करायला कसली अडचण आहे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

पेठेत राहणाऱ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी एकेरीची पाटी असेल, तर त्या आदेशाची प्रत वाहतूक शाखेकडून मागून घ्या, तो कोणत्या कलमाखाली निघाला ते वाचा आणि ‘सायकल वगळून’ अशी दुरुस्ती मागणारा अर्ज द्या. एकट्याचा नको, दहा घरांच्या सह्यांचा द्या. पोचपावती जपून ठेवा. आणि तोवर, मोठ्या रस्त्यावर सरळ वाट नसेल तिथे, सायकलवरून उतरा आणि ती हातात धरून कडेने चालत या.